चांदण्यांचा तक्ता की मण्यांची बरणी? बक्षिसाच्या साधनांची पारख

'रिवॉर्ड चार्ट' म्हणून बाजारात जे मिळतं, ते जवळजवळ सगळं एकाच कल्पनेवर बेतलेलं असतं: काम केलं की चांदणी. दात घासले, चांदणी. दप्तर भरलं, चांदणी. अशा कामांसाठी ते ठीकच आहे. पण पालक ही वस्तू घरी आणतात ती बहुधा वेगळ्याच कारणाने. ल्यूडोत हरल्यावर पट उधळला जातो, नेलकटर दिसलं की घर डोक्यावर घेतलं जातं, वजाबाकी चुकली की वहीचं पान फाटतं. इथे मुलाकडून हवं असतं ते एवढंच, की नकोशी गोष्ट त्याने थोडा वेळ सोसावी आणि सोसताना स्वतःला सावरावं. पुण्यातला अप्पा बळवंत चौक, तुळशीबाग, रविवार पेठ आणि ऑनलाइन दुकानं इथे मिळणारी साधनं आम्ही या एकाच कसोटीवर तपासली आहेत. भिंतीवर छान दिसण्याला गुण नाहीत.

सुरुवात सगळ्यात महागापासून. चुंबकी तक्ता लाकडी किंवा पत्र्याच्या पाटीवर असतो. आडवे सात वार, उभी दहा-बारा कामं, आणि सोबत चांदण्या, हसरे चेहरे. एकूण सत्तर-ऐंशी चौकोन. पाच वर्षांच्या मुलाला त्यात पहिल्यांदा दिसतात ते रिकामे चौकोन. शिवाय बक्षीस ठरतं आठवड्याच्या शेवटी. सोमवारी सकाळी रेनकोटची टोचणारी कॉलर मुकाट्याने सोसली आणि त्याचं फळ रविवारी मिळालं, तर त्या दोन गोष्टींचा संबंध मोठ्यांनाच कळतो. कृती आणि बक्षीस यांत जितका वेळ जातो, तितकं बक्षीस दुबळं होतं. काही संचांत रडके, लाल चेहरेही येतात. ते पाकिटातून काढून सरळ फेकून द्या. चिडलेल्या मुलासमोर भिंतीवर रडका चेहरा चिकटवणं म्हणजे दुसऱ्या भांडणाला आमंत्रण.

चुंबकाचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. चांदणीच्या मागे बटणाएवढा टणक चुंबक गोंदाने चिकटवलेला असेल, तर तो कधी ना कधी सुटतो. मुलाने दोन किंवा अधिक चुंबक गिळले, तर ते आतड्यांच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना खेचतात, मधली भिंत चिमटीत सापडते आणि आतड्याला भोक पडू शकतं. अशी शंका आली तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं. घ्यायचाच असेल तर ज्याच्या चांदण्या पूर्णपणे लवचिक चुंबकी पत्र्याच्या आहेत असा संच घ्या. भारतात १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. खेळणं म्हणून विकलेल्या संचावर ते शोधा. नसेल तर दुकानदाराच्या 'चांगल्या कंपनीचं आहे'वर जाऊ नका. एकूण मत: दप्तर आणि दातांसाठी चालेल, त्राग्यासाठी नाही.

स्टिकरची पानं स्वस्त, सगळीकडे मिळणारी आणि पहिला आठवडा जोरात चालणारी. नंतर नवेपण ओसरतं. पानावर एकसारख्या पन्नास सोनेरी चांदण्या असतील तर अजून लवकर. प्राणी, गाड्या, फळं अशी मिसळ असलेलं पान घ्या आणि निवड मुलालाच करू द्या. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आम्ही शाईचा शिक्का सुचवू. हाताच्या पाठीवर उमटतो, गिळण्याचा प्रश्न नाही, आणि मूल तो दिवसभर बघत राहतं.

मोबाइल ॲपवर फार लिहिण्यासारखं नाही. ज्या वस्तूवरून घरात सर्वांत जास्त रडारड होते, तीच वस्तू ऐन रडारडीच्या वेळी बाहेर काढायची, ही कल्पनाच फसलेली आहे.

वेल्क्रोची टोकनपट्टी मात्र खरोखर उपयोगी. विशेष मुलांच्या शाळांत आणि थेरपी केंद्रांत ती खूप वापरली जाते: एका जाड पुठ्ठ्यावर पाच जागा, पाच टोकनं, आणि शेवटी 'कशासाठी', म्हणजे मिळणाऱ्या बक्षिसाचं चित्र. तयार पट्ट्या ऑनलाइन मिळतात, पण त्यात बहुधा दहा टोकनं असतात आणि सुरुवातीला दहा फार होतात. घरी करणं सोपं. अर्ध्या ए-फोर आकाराचा पुठ्ठा, शिवणकामाच्या दुकानातली दोन सेंटिमीटर रुंद वेल्क्रो, आणि झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट केलेली पाच चित्रं. लॅमिनेशनचे कोपरे कात्रीने गोल करा, नाहीतर टोचतात. वेल्क्रोच्या मागचा चिकट थर चार दिवसांत सुटतो. दोन टाके घातले की प्रश्न मिटतो. वेल्क्रो उचकटतानाचा 'खर्रर्र' आवाज काही मुलांना फार आवडतो, तर आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलाला तोच नवीन त्रास. घरी आणल्यावर पाच मिनिटांत कळतं. दंतवैद्याची खुर्ची, केस कापणं, पीएमपीच्या बसमधला लांबचा प्रवास, अशा घराबाहेरच्या प्रसंगी हिला तोड नाही.

आणि आमची पहिली पसंती: पारदर्शक बरणी आणि मणी. ठरलेली कृती जमली की एक मणी, बरणी भरली की बक्षीस. मणी रविवार पेठेत वजनावर मिळतात. बरणी स्वयंपाकघरात आधीच असते. मणी पडल्याचा आवाज येतो, पातळी चढताना दिसते, आणि रिकामा चौकोन नावाची गोष्टच नसते. कालचा दिवस वाईट गेला तरी कालची पातळी तिथेच असते.

पण बरणी आणली म्हणजे काम झालं असं नाही. बहुतेक घरांत ती दोन आठवड्यांत फ्रिजवर धूळ खात पडते, आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी मापात असतं. पहिली बरणी मोठी घेऊ नका. पहिल्या आठवड्यात ती रोज एकदा भरलीच पाहिजे. तुळशीबागेतल्या भातुकलीच्या दुकानांत इवलीशी भांडी मिळतात. त्यातला पाच मण्यांत भरणारा पेला पहिल्या आठवड्याला पुरेसा आहे. पारदर्शक नसला तरी चालतो, कारण तो लगेच भरतो. मग दहा-बारा मण्यांची छोटी काचेची बाटली, तिच्यावर रबरबँडने आखलेली रेघ. किलोभर लोणच्याची बरणी कधीच नाही.

मण्याचा आकार वयावर ठरतो. खेळण्यांच्या सुरक्षेच्या चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात; जी वस्तू त्या नळीत पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते असं मानलं जातं. नेहमीचे मणी, चिंचोके, काचेच्या गोट्या, सागरगोटे, सगळे त्यात मावतात. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर मोठ्यासाठीही लाकडी ठोकळे वापरा. रविवार पेठेतले मणी माळा-दागिन्यांसाठी असतात, खेळणं म्हणून विकले जात नाहीत, तेव्हा त्यांवर आयएसआय चिन्ह शोधण्यात अर्थ नाही. रंग उडणारे, उग्र वास येणारे घेऊ नका आणि बरणी मोठ्यांच्या हाताशीच ठेवा.

आता मणी कशासाठी टाकायचा. सगळा खेळ इथे जिंकला किंवा हरला जातो. 'रडला नाहीस' म्हणून मणी कधीच नाही. रडणं थांबवणं बऱ्याचदा मुलाच्या हातात नसतं, आणि त्यावर बक्षीस लावलं की मूल दुःख लपवायला शिकतं. मणी द्यायचा तो रडता रडताही करता येईल अशा, डोळ्यांना दिसणाऱ्या छोट्या कृतीसाठी: हात मांडीवर ठेवला, पाच अंक मोजेपर्यंत तोंड उघडं ठेवलं, 'थांब' असं शब्दांत सांगितलं, वही न फाडता बाजूला सरकवली. मणी टाकताना तीच कृती मोठ्याने म्हणायची: "ओरडत होतास, पण बोट पुढेच ठेवलंस." 'शहाणा माझा बाळ' हे प्रेमाने म्हणा, पण त्यातून नेमकं काय जमलं ते मुलाला कळत नाही.

नखांचं उदाहरण घेऊ, कारण पायऱ्या त्यात स्वच्छ दिसतात. आंघोळीनंतर, नखं मऊ असताना बसायचं. पहिल्या पायरीवर नेलकटर नुसतं टेबलावर असतं आणि मूल शेजारी बसतं. मग ते हातात घेऊन मिटून-उघडून बघतं. मग त्याच्या देखत आईचं किंवा बाबांचं एक नख कापलं जातं. मग नेलकटर त्याच्या नखाला नुसतं टेकवायचं, कापायचं नाही, आणि हे आधी सांगायचं. मग एक नख. मग तीन. मग एक हात. प्रत्येक पायरीला एक मणी, आणि एकच पायरी लागोपाठ तीनदा फारशी खळखळ न होता जमली की पुढची. मूल दहातल्या आठ वेळा यशस्वी व्हायला हवं. पाचच वेळा जमत असेल तर पायरी उंच आहे. ती मोडून दोन करा. घाईत होणारी चूक ठरलेली आहे: 'टेकवलं'पर्यंत छान चाललं म्हणून त्याच बैठकीत दहाही नखं उरकली जातात. मुलाच्या लेखी ती फसवणूक असते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीवरही हात मिळत नाही.

हरण्याचा त्रागा असेल तर सापशिडी फार लांबते, डाव दहा-पंधरा मिनिटं चालतो. दोन मिनिटांत संपणारा खेळ घ्या: पत्ते पिसून 'कुणाचं पान मोठं', किंवा नाणं उडवणं. दिवसाला पाच डाव. हरल्यावर पुढचं पान स्वतःच्या हाताने उचललं की मणी. जिंकण्याला मणी नाही, हे आधीच सांगा. गृहपाठातही तसंच: बरोबर उत्तराला काही नाही, अडलेल्या गणिताभोवती पेन्सिलने गोल करून पुढे गेलं किंवा 'मदत हवी' असं म्हटलं तर मणी.

लसीसाठी मात्र आधी वेदना कमी करायची, मग बक्षीस. सरकारी वेळापत्रकात डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर ५ ते ६ वर्षांना आहे, टीडी (धनुर्वात, घटसर्प) १० आणि १६ वर्षांना. म्हणजे कळत्या वयात सुई येतेच. त्वचा बधिर करणारं मलम डॉक्टरांना विचारून साधारण तासभर आधी लावावं लागतं. दवाखान्यात पोहोचल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. मुलाला आडवं पाडून धरण्याऐवजी मांडीवर ताठ बसवून मिठीत घ्या. फुगे फुंकण्याचा साबणाचा डबा सोबत ठेवा. फुंकताना श्वास लांबतो आणि लक्ष वळतं. 'दुखणारच नाही' असं सांगू नका. एकदा खोटं पकडलं गेलं की पुढच्या वेळी फुगेही चालत नाहीत. बरेच डॉक्टर नंतर स्टिकर किंवा चॉकलेट देतात. त्याला हरकत नाही, फक्त ते कशाबद्दल आहे हे पालकांनी जोडून द्यावं: "दंड सैल ठेवलास ना, म्हणून."

मण्यांच्या बदल्यात काय? टोकनांची ही पद्धत मुळात मुलांसाठी निघालेलीच नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या एका मनोरुग्णालयात आयलॉन आणि एझ्रिन या मानसशास्त्रज्ञांनी ती व्यवस्थित बसवली आणि १९६८मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. त्यातला कणा आजही तोच आहे: टोकन वठवता आलं पाहिजे. पहिला आठवडा त्याच दिवशी, त्याच संध्याकाळी. बक्षिसं लहान ठेवा आणि शक्यतो वस्तू नकोत: लिफ्टचं बटण दाबायचा मान, आज कोणती भाजी हे ठरवणं, आजोबांबरोबर सारसबागेत एक फेरी, झोपताना एक जास्तीची गोष्ट, वनाझहून मेट्रोत खिडकीशी बसून नदी ओलांडणं. चार-पाच पर्यायांची चित्रं काढून ठेवा आणि दर आठवड्याला एखाद-दुसरं बदला, नाहीतर कंटाळा येतो. चॉकलेट रोजचं चलन झालं की दात किडतात आणि जेवणावरून नवं युद्ध सुरू होतं. पेशवे पार्कातली १९५६पासूनची फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, हे मोठ्या बाटलीचं बक्षीस. कबूल करण्याआधी त्या दिवशी ती चालू आहे ना हे बघून घ्या; भरलेली बाटली वठली नाही तर महिन्याभराची पत जाते. (रविवारच्या रांगेत उभं राहणं हीच सोसण्याची परीक्षा असते, त्यालाही एक मणी द्यायला हरकत नाही. पालकांनाही.)

एकदा टाकलेला मणी काढून घ्यायचा नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही ठिकाणी दंड म्हणून टोकन परत घेतात, पण आधीच चिडलेल्या मुलाच्या बाबतीत हा आगीत तेल ओतण्याचा प्रकार आहे. आमच्या मते बरणी बंद पडण्याचं मापाखालोखालचं कारण हेच.

लाच आणि बक्षीस यांत फरक वेळेचा. शांत असताना आधी ठरलेलं, काही करून दाखवल्यावर मिळालेलं, ते बक्षीस. डी-मार्टच्या रांगेत आरडाओरडा सुरू झाल्यावर 'गप्प बस, चॉकलेट देते' ही लाच, आणि तिने शिकवलं जातं ते ओरडणंच. आजवर ओरडल्यावर मोबाइल मिळत होता आणि तो आता बंद केला, तर ओरडणं कमी होण्याआधी काही दिवस वाढतं. मूल जुनीच युक्ती जास्त जोर लावून वापरून बघत असतं. नेमक्या त्या दिवसांत घरातल्या कुणीतरी हार मानली, तर मुलाला कळतं की याहून मोठ्याने ओरडावं लागतं. म्हणून आजी-आजोबा, सांभाळणाऱ्या मावशी, सगळ्यांना नियम एकच हवा. फ्रिजवर दोन ओळींची पाटी लावा. पुण्यात पाटीला अजून मान आहे. आजीच्या हातचा खाऊ मात्र या हिशेबात ओढू नका. तो बिनशर्त असतो आणि तसाच राहावा.

बरणी कुठे वापरू नये, हे तितक्याच स्पष्टपणे. मूल जे आवडीने करतं त्याला मणी लावू नका. १९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: चित्र काढलं तर प्रशस्तिपत्रक मिळेल असं आधी सांगितलेल्या मुलांनी नंतर, बक्षीस नसताना, चित्रांत कमी वेळ घालवला. अनपेक्षितपणे तेच प्रशस्तिपत्रक मिळालेल्यांत असं झालं नाही. चित्रकला, वाचन, मातीत खेळणं यांपासून बरणी लांब ठेवा. भूक, अपुरी झोप, ताप, कानदुखी यांवर मणी हा उपाय नाही. गणवेशाचं लेबल टोचत असेल तर लेबल कापा, मोज्याची शिवण बोचत असेल तर मोजा उलटा घाला. काढता येणारा त्रास मणी देऊन सोसायला लावू नये. आणि कुणाच्या मांडीवर बसणं, पापा देणं, नकोसा स्पर्श सहन करणं, यासाठी कधीही बक्षीस नाही. कितीही जवळचे काका असोत.

दोन भावंडं असतील तर दोन बाटल्या, वेगवेगळ्या आकाराच्या. एकसारख्या घेतल्या की पहिल्याच दिवशी पातळीची मोजणी सुरू होते. एकच सामाईक बाटलीही चालते, फक्त धाकट्याच्या चुकीची किंमत मोठ्याला मोजावी लागू नये.

बरणी कायमची नसते. एखादी गोष्ट दोन आठवडे सहज जमली की प्रत्येक वेळी मणी देणं थांबवा. कधी दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा, मुलाला अंदाज येणार नाही असा द्या. पुढे मणी जातो आणि कृतीचं नाव घेऊन केलेली शाबासकी उरते. मग बरणी दुसऱ्या कृतीसाठी वापरा किंवा कपाटात ठेवा. त्याच गोष्टीसाठी तीन महिन्यांनंतरही रोज मणी लागत असतील तर पायरी चुकली आहे. मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, शाळेत जाणंच थांबलं असेल, किंवा विशिष्ट कपडे, आवाज, चवी यांमुळे रोजचं जेवण-झोप अडत असेल, तर तक्ते-बरण्यांत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांकडे किंवा बाल-मानसशास्त्रज्ञाकडे जावं.

जोडीला घेण्यासारखी एकच वस्तू: वाळूची घड्याळं. एक, तीन, पाच मिनिटांचा संच रंगांनुसार मिळतो. 'पाच मिनिटं थांब' याला चार वर्षांच्या मुलाच्या लेखी अर्थ नसतो, खाली सरकणाऱ्या वाळूला असतो. एक मिनिटापासून सुरू करा, आणि वाळू संपल्याक्षणी त्याचं काम हातात घ्या, फोन चालू असला तरी. स्वस्त संचांत तीन मिनिटांचं घड्याळ दहा-पंधरा सेकंद पुढे-मागे असू शकतं; घरी फोनवर एकदा मोजून घ्या. काचेपेक्षा जाड प्लास्टिकचं घ्या, कारण पहिल्या आठवड्यात ते एकदा तरी भिरकावलं जाईल. पावसाळ्यात वाळू मध्येच अडकली तर टोपणाच्या जोडातून दमट हवा आत जाते आहे असं समजा. ते दुकानात परत द्या, आपटून चालू करत बसू नका.